किनाऱ्यावर काय बांधायचं, हे नेमकं कोण ठरवतं?

आमच्या गावच्या शाळेच्या पडवीत झालेली एक ग्रामसभा मला अजून लख्ख आठवते. विषय एकच होता. डांबरी रस्त्याच्या वरच्या अंगाला, सड्याच्या (वरच्या कातळी पठाराच्या) कडेची एक मोठी जमीन मुंबईच्या माणसानं घेतली होती आणि तिथं हॉटेल होणार, अशी गावभर कुणकुण होती. लोक दोन तास बोलले. बोअरवेल मारल्या की खालच्या वाडीतल्या विहिरी मचूळ होतील, असं बायकांचं म्हणणं होतं. सांडपाणी वहाळात, म्हणजे ओढ्यात सोडतील, मग वहाळातून खाडीत जाईल, ही दुसरी भीती. शेवटी हात वर करून ठराव झाला: ‘सदर हॉटेलास परवानगी देऊ नये.’ सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. लोक समाधानानं घरी गेले. पावसाळा सरला आणि जेसीबी आला.

मग सरपंचानं शब्द फिरवला असा बोभाटा झाला. तसं काही झालेलं नव्हतं. ठराव वहीत जसाच्या तसा होता. पण त्या जमिनीवर काय होऊ शकतं हे ठरवण्याचा अधिकार ज्या कार्यालयाला होता, तिथपर्यंत तो कागद कोणी नेलाच नव्हता. जमीन गावठाणाबाहेरची होती, परवानगी जिल्ह्याच्या ठिकाणाहून मिळाली होती, आणि त्या पट्ट्यात असं बांधकाम चालेल हे तर त्याच्याही कित्येक वर्षं आधी एका नकाशावर ठरून गेलं होतं.

तेव्हापासून मी हा विषय समजून घेत आलो आहे. किनाऱ्यावरच्या गावांत यावरून घराघरांत भांडणं होतात. पैसे अडकतात, कधी राहती घरं धोक्यात येतात. आणि बहुतेक वेळा मुळात कोणाचा अधिकार काय, हेच कोणाला धड माहीत नसतं.

गावाच्या यादीत नसलेला विषय

१९९२ साली संसदेनं राज्यघटनेत दोन दुरुस्त्या केल्या. ७३ वी पंचायतींसाठी, ७४ वी नगरपालिकांसाठी. दोन्ही १९९३ मध्ये अमलात आल्या. पंचायतींकडे कोणते विषय सोपवता येतील याची यादी अकराव्या अनुसूचीत आहे. त्यात २९ विषय आहेत: शेती, मासेमारी, पिण्याचं पाणी, ग्रामीण घरबांधणी, रस्ते, असे. नगरपालिकांची यादी बाराव्या अनुसूचीत, १८ विषयांची. या दुसऱ्या यादीतला पहिलाच विषय नगरनियोजन हा आहे आणि दुसरा जमीनवापर व इमारत बांधकामाचं नियमन. पंचायतींच्या २९ विषयांत यातलं एकही नाही.

हा फरक मला फार मोठा वाटतो. शहराला स्वतःचा आराखडा करण्याचा विषय घटनेनं नाव घेऊन दिला. गावाला घरकुलं बांधण्याचा विषय दिला, पण गावाचा नकाशा कसा असावा हे ठरवण्याचा विषय दिला नाही. पुढे ज्या गुंतागुंती दिसतात त्यातल्या पुष्कळशा इथून सुरू होतात.

महाराष्ट्रात नियोजनाचा मुख्य कायदा म्हणजे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. कचेरीत सगळे त्याला एमआरटीपी म्हणतात. या कायद्यात ‘नियोजन प्राधिकरण’ नावाची एक संस्था असते. महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत ही नियोजन प्राधिकरणं आहेत. ग्रामपंचायत नाही. म्हणून वेंगुर्ल्यासारखी १८७६ सालापासूनची नगरपालिका किंवा देवगड-जामसंड्यासारखी नवी नगरपंचायत आपल्या हद्दीचा विकास आराखडा करू शकते. शेजारच्या खेड्याला मात्र अख्ख्या जिल्ह्यासाठी किंवा प्रदेशासाठी शासनानं केलेल्या प्रादेशिक योजनेवर अवलंबून राहावं लागतं.

मग पंचायतीच्या हातात काय?

गावठाण. म्हणजे महसूल दप्तरात वस्तीची म्हणून आखलेली जागा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ नुसार गावठाणात घर बांधायला किंवा पुन्हा उभारायला पंचायतीची परवानगी लागते. २०२० च्या डिसेंबरात राज्यात एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आली आणि पाठोपाठ ग्रामविकास खात्यानं छोट्या घरांची वाट सोपी केली. सुमारे १६०० चौरस फुटांपर्यंत मालकीची कागदपत्रं, नकाशा आणि शुल्क पंचायतीत भरलं की पुरे. १६०० ते ३२०० चौरस फुटांपर्यंत परवानाधारक अभियंत्याचा दाखला जोडावा लागतो. त्याच्या वर नगररचना कार्यालयाकडे जायचं.

ही सवलत गावांत ‘आता परवानगीच लागत नाही’ अशी पोचली. तसं नाही. किनाऱ्यावर तर मुळीच नाही, कारण समुद्राचा नियम वेगळा आहे आणि तो चौरस फूट मोजत बसण्याआधी जागा पाहतो. त्याकडे येतोच.

गावठाणाबाहेर पडलं की सूत्रं कलेक्टरकडे जातात. एमआरटीपीच्या कलम १८ प्रमाणे प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात शेतीशिवाय दुसऱ्या कशासाठी जमीन वापरायची तर कलेक्टरची पूर्वपरवानगी हवी. प्रत्यक्षात नगररचना कार्यालयाचा अभिप्राय येतो आणि त्यावर निर्णय होतो. जोडीला महसूल कायद्याखालची बिनशेती, म्हणजे एनए. इथंही अलीकडे बदल झाले आहेत. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन बिनशेती करण्याची वाट जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड नं सोपी केली. रूपांतर कर भरायचा, बाकीचे कायदे पाळायचे.

पंचायत या सगळ्यात ‘ना-हरकत’ देते. हा शब्द फसवा आहे. ना-हरकत म्हणजे आमची तक्रार नाही, एवढाच त्याचा अर्थ. परवानगी देणारा वेगळाच असतो. पण गावात कोणी ना-हरकतीचा कागद हातात धरून आला की लोकांना वाटतं, सगळं पास झालं.

दुसरा तसाच कागद म्हणजे घरपट्टीची पावती. नमुना ८ मध्ये घराची नोंद झाली, असेसमेंट लागली, दरवर्षी पट्टी भरली, म्हणजे घर अधिकृत झालं असं मानणारे शेकडो लोक मला भेटले. पट्टी हा कर आहे. घर आहे म्हणून लावलेला. परवानगी आहे की नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही. जुन्या नोंदींचा उपयोग निराळा: घर कधीपासून उभं आहे, हे दाखवायला त्या फार मोलाच्या. विशेषतः १९९१ च्या आधीच्या. किनाऱ्याचा पहिला नियम त्या वर्षी आला, त्याकडे पुढे येतो. आजोबांच्या नावाची पावती ट्रंकेत असेल तर ती टाकू नका.

आणखी एक खेळाडू अलीकडे आला आहे: विशेष नियोजन प्राधिकरण. शासन एखादा पट्टा ‘अधिसूचित’ करतं आणि तिथल्या नियोजनाचं काम एका महामंडळाकडे देतं. रेवस ते रेडी या सागरी महामार्गाच्या बाजूनं १३ विकास केंद्रं ठरवून २०२४ मध्ये ते काम राज्य रस्ते विकास महामंडळाकडे दिलं गेलं. ज्या गावांची नावं अशा अधिसूचनेत असतात, तिथं परवानगीचा पत्ताच बदलतो. म्हणून कुठल्याही वादात शिरण्याआधी पहिला प्रश्न हा विचारायचा: या गट नंबरासाठी आज नियोजन प्राधिकरण कोण आहे?

समुद्राचा नियम

नोव्हेंबर १९८१ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवा, असं त्याचं सार. पत्रानं फारसं काही थांबलं नाही. पुढे १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ ला पहिली सीआरझेड अधिसूचना निघाली. सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्र. ती बदलून २०११ मध्ये दुसरी आली, आणि आज जी लागू आहे ती १८ जानेवारी २०१९ ची.

या सगळ्याचा पाया एक रेषा आहे. भरतीरेषा. ही रोजची भरती नव्हे, भांगाची, म्हणजे लहान भरती तर नव्हेच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी जमिनीवर जास्तीत जास्त जिथवर चढतं, ती रेषा. उधाण उतरल्यावर पुळणीवर कचरा, शिंपले, सुरूच्या काड्या यांची एक काळसर ओळ राहते ना, गावातलं पोर ती दाखवू शकतं. पण कायद्यात ती डोळ्यांनी ठरत नाही. ती शास्त्रीय पद्धतीनं आखून नकाशावर उमटवलेली असते, आणि मोजमाप त्या नकाशावरच्या रेषेपासून होतं. कुंपणापासून नाही, सुरूच्या शेवटच्या झाडापासून नाही, ‘इथं कधी पाणी येत नाही’ या आठवणीपासूनही नाही.

रेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतचा पट्टा सीआरझेडमध्ये मोडतो. त्यातही जागेप्रमाणे वर्ग पडतात. कांदळवनं, वाळूच्या टेकड्या, कासवं अंडी घालतात त्या जागा, पक्ष्यांची वीण होते ते भाग, हे सगळ्यात नाजूक. ते पहिल्या वर्गात, भरती-ओहोटीच्या मधल्या ओल्या पट्ट्यासह. शहरी हद्दीतला, किनाऱ्यापर्यंत आधीच भरून गेलेला भाग दुसऱ्या वर्गात. खेडी तिसऱ्यात. आणि पाणी, म्हणजे समुद्र व खाडीचं पात्र, चौथ्यात.

आपल्याला तिसऱ्या वर्गाशी कर्तव्य आहे. २०१९ च्या अधिसूचनेनं त्याचे दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेनुसार ज्या गावात दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं राहतात, तिथं भरतीरेषेपासून ५० मीटर ‘ना-विकास क्षेत्र’. त्याहून विरळ गावांत २०० मीटर. शिवाय ५० मीटरची सवलतही नवा किनारा आराखडा, म्हणजे या रेषा आणि वर्ग दाखवणारा नकाशा, मंजूर झाल्यावरच. तोवर २०० मीटरच.

इथं कोकणाची अडचण बारकाईनं पाहण्यासारखी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याची २०११ ची घनता दर चौरस किलोमीटरला १६३ होती. जिल्हा विरळ आहे हे खरं. पण किनाऱ्यालगतची कोळीवस्ती विरळ नसते. भिंतीला भिंत, दोन घरांमधून तिरकं होऊन जावं लागतं. घनता मात्र अख्ख्या महसुली गावाच्या क्षेत्रफळावर निघते. त्या गावात वरचा उजाड सडा येतो, डोंगर येतो, खाजण, म्हणजे खाडीलगतची खारी जमीन येते. दाटीनं राहणारी माणसं त्या सगळ्या मोकळ्या क्षेत्रानं भागली की आकडा विरघळतो, आणि वस्ती २०० मीटरच्या नियमात जाते. ज्यांचं घर समुद्रापासून दूर असूच शकत नाही, कारण होडी उंबऱ्यासमोर ओढून ठेवावी लागते, त्यांनाच हा आकडा सर्वांत जास्त जाचतो.

ना-विकास क्षेत्र म्हणजे तिथं काहीच करायचं नाही असं नव्हे. नारळ-पोफळीची वाडी चालते, शेती चालते. गावासाठी लागणारी शाळा, दवाखाना, रस्ता, स्वच्छतागृह यांना प्रकरणागणिक वाव आहे. असलेलं अधिकृत घर दुरुस्त करता येतं, पुन्हा बांधताही येतं, पण तेवढ्याच जोत्यावर आणि तेवढ्याच चटईक्षेत्रात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोलीकडची छपरं उडवली. असं घर पुन्हा उभारताना ‘जोतं तेवढंच’ या शब्दांना किती वजन असतं हे कळतं. त्यासाठी आधीचं जोतं किती होतं, याचा कागद लागतो. घराचं मोजमाप केलेला जुना कागद हा वादळानंतर सोन्याचा होतो.

ना-विकास क्षेत्राच्या पुढे ५०० मीटरपर्यंत पारंपरिक वस्तीच्या हक्कातली घरं बांधता येतात, उंची ९ मीटरपर्यंत, तळमजला आणि वर एकच मजला. स्वतः राहण्यासाठीच्या ३०० चौरस मीटरपर्यंतच्या घराला राज्याच्या किनारा क्षेत्र प्राधिकरणाची शिफारस लागत नाही. स्थानिक प्राधिकरणानं सीआरझेडचे नियम तपासून स्वतः मंजुरी द्यायची असते. ‘तपासून’ हा शब्द महत्त्वाचा. शिफारस माफ आहे, नियम माफ नाहीत. हॉटेल-रिसॉर्ट हा मार्ग वेगळा आणि लांबचा.

घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या असतील, तर तिसऱ्या वर्गात ते करायला स्थानिकांना मुभा आहे. अट एकच: घराचं जोतं, रचना आणि दर्शनी रूप बदलायचं नाही. मालवण-तारकर्ली भागात पर्यटनावर कितीतरी घरं चालतात, त्यांच्यासाठी हे वाक्य पाठ करण्यासारखं आहे. पाहुण्यांसाठी मागच्या अंगणात नवी खोली काढली की ते होमस्टे राहत नाही, ते नवं बांधकाम होतं.

खाडीकाठचा नियम २०१९ मध्ये सैल झाला. आधी १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते. आता ५० मीटर किंवा रुंदी, जे कमी ते. माझं मत विचाराल तर हा बदल घाईचा होता. खाडी ही पुराच्या वेळी समुद्रापेक्षा जास्त आत शिरते. कांदळवनांचं मात्र वेगळं: मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये आणि नंतर १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात राज्यातल्या कांदळवनांना कडक संरक्षण दिलं. त्यांच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायचा आहे. तिवरं (कांदळवनाची झाडं) तोडून भराव टाकणाऱ्याला ‘माझा सातबारा आहे’ एवढं उत्तर पुरत नाही.

मरडूमध्ये काय झालं

पंचायतीची परवानगी हातात असून काय होऊ शकतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण केरळातलं आहे. कोचीच्या लगत, खाडीच्या पाण्याकाठी मरडू नावाचं गाव. तिथल्या ग्रामपंचायतीनं २००६ च्या सुमारास मोठ्या इमारतींना बांधकाम परवाने दिले. केरळच्या किनारा क्षेत्र प्राधिकरणाची संमती घेतलेली नव्हती. २००७ मध्ये राज्य शासनानं हे परवाने मागे घ्यायला सांगितलं, पंचायतीनं नोटिसा काढल्या, बांधकाम व्यावसायिक उच्च न्यायालयात गेले आणि तिथं त्यांच्या बाजूनं लागलं. इमारती उभ्या राहिल्या. लोकांनी कर्जं काढून फ्लॅट घेतले, राहायला आले. दरम्यान २०१० मध्ये पंचायतीची नगरपालिका झाली. मग युक्तिवाद असा आला की आता हे शहर आहे, तर नियम दुसऱ्या वर्गाचे लावा.

सर्वोच्च न्यायालयानं ८ मे २०१९ ला तो मानला नाही. परवाने दिले तेव्हाच्या मंजूर आराखड्यात ही जागा तिसऱ्या वर्गात होती, आणि तोच नकाशा धरायचा. इमारती पाडा. ११ आणि १२ जानेवारी २०२० ला चार संकुलं स्फोटकं लावून जमीनदोस्त झाली. तीनशेहून जास्त फ्लॅट होते. प्रत्येक फ्लॅटधारकाला २५ लाखांची अंतरिम भरपाई मिळाली. परवाने दिले तेव्हाच्या पंचायत सचिवाला अटक झाली.

त्या धुळीच्या लोटाची चित्रफीत पुष्कळांनी पाहिली असेल. मला त्यात आठवतात ते सामान बांधून पायऱ्या उतरणारे म्हातारे लोक. त्यांच्याकडे परवाना होता, खरेदीखत होतं, कराची पावती होती. कागद सगळे होते, फक्त ज्या कार्यालयाचा हवा होता त्याचा नव्हता.

आपल्याकडे असं होत नाही असं समजू नये. अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावरचा नीरव मोदी यांचा बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडला गेला.

आणि आपलं गाव नगरपंचायत झालं की सीआरझेड सैल होईल, असं जे कोणी सांगतं त्याला मरडूचं नाव सांगा. हद्द बदलल्यानं वर्ग आपोआप बदलत नाही. वर्ग बदलायचा तर किनारा आराखडा बदलावा लागतो.

नकाशा बदलला की गाव बदलतं

गोव्यात व्यवस्था थोडी निराळी आहे. तिथं नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी मिळाल्यावर बांधकामाचा परवाना पंचायतच देते. तरीही गोव्याला मोठा धडा मिळाला तो एका परवान्यावरून नाही, नकाशावरून. २००६ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ अधिसूचित झाला. लोकांनी नकाशे उलगडले तेव्हा हिरव्या डोंगरांवर, शेतांवर वस्तीचे रंग चढलेले दिसले. गोवा बचाव अभियान उभं राहिलं, गावोगाव माणसं रस्त्यावर आली, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला. पुढच्या आराखड्यासाठी नेमलेल्या कृती दलात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया होते, आणि त्या वेळी गावनिहाय नकाशे पंचायतींपर्यंत नेऊन त्यांचं म्हणणं घेतलं गेलं.

नंतर गोव्यातच नगरनियोजन कायद्यात २०२३ मध्ये कलम १७(२) आलं. आराखड्यातल्या ‘चुका’ दुरुस्त करण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचा रंग बदलण्याची वाट त्यातून उघडली. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं त्याखालचे नियम रद्द केले. म्हणजे एकदा गावानं मिळून ठरवलेला नकाशासुद्धा तुकड्यातुकड्यानं बदलू शकतो, आणि त्यावर सतत डोळा ठेवावा लागतो.

महाराष्ट्रातही असे फेरबदल होतात. विकास आराखड्यात किरकोळ फेरबदल कलम ३७ खाली, प्रादेशिक योजनेत कलम २० खाली. दोन्हींत नोटीस निघते, हरकती मागवल्या जातात. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात, बारीक अक्षरात, गट नंबरांसह. ती वाचणारं गावात कोणीतरी हवंच.

हरकत कुठं, कधी, कशी

नगरपंचायतीचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी साधारण ३० दिवस असतात. नोटिशीवर छापलेली तारीख हीच खरी. त्या मुदतीत लेखी हरकत दिली तर नियोजन समितीपुढे सुनावणी मिळते. नंतर दिलेल्या अर्जाला उत्तर देण्याचं बंधन कोणावर राहत नाही. तुमच्या जमिनीवर शाळेचं, बागेचं आरक्षण पडलं आणि १० वर्षांत ते संपादन झालं नाही, तर कलम १२७ ची खरेदी सूचना देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं.

हरकत लिहिताना ‘आमचा विरोध आहे’ एवढ्यानं भागत नाही. गट नंबर लिहा, नकाशाच्या पानाचा क्रमांक लिहा, प्रत्यक्ष जागेवर काय आहे ते लिहा: विहीर, वहाळ, पाखाडी (पायऱ्यांची वाट), स्मशानाची वाट, तिवरं. तारीख टाकलेले फोटो जोडा. ग्रामसभेचा ठराव असेल तर त्याची सही-शिक्क्याची प्रत जोडा. आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका.

ग्रामसभेचा ठराव इथं उपयोगी पडतो, या कागदाचा भाग म्हणून. एकटा, वहीत, नाही. तो ठराव कायदेशीर व्हावा म्हणून गणपूर्ती लागते: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, जो आकडा कमी तो. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा मात्र ती अट नसते. मोठे विषय अशा अर्ध्या रिकाम्या सभेत निघून जातात. तहकूब सभेलाही जा.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. सीआरझेड अधिसूचनेप्रमाणे प्रत्येक किनारी जिल्ह्यात कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली एक समिती असायला हवी आणि तिच्यात मच्छीमारांसह पारंपरिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी हवेत. आपल्या जिल्ह्यात ते तिघे कोण, हे माहिती अधिकारात विचारा. नियमभंगाची तक्रार त्या समितीकडे करता येते. त्याहून पुढे पुण्याचं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे. पण तिथंही घड्याळ आहे: मंजुरीविरुद्ध अपील ३० दिवसांत, कारण दाखवून आणखी ६० दिवसांपर्यंत, इतर पर्यावरणीय वाद ६ महिन्यांत. दोन वर्षं गावात बोलून मग वकील शोधणाऱ्यांची प्रकरणं दारातच अडतात.

आणि शेवटचं. किनारा आराखड्याच्या मोठ्या प्रमाणावरच्या नकाशांत केवळ भरतीरेषा दाखवायची नसते. मासेमारी गावं, त्यांच्या सामायिक जागा, जेट्टी, बर्फाचे कारखाने, मासळी सुकवायचे ओटे आणि जागा, हेही त्यात दाखवायचं असतं. जे नकाशावर नाही त्याचा हक्क पुढे सांगता येणं कठीण.

आमच्याकडे अशा मसुद्याचं पान मी छापून शाळेत नेलं होतं. पंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली होती, पण तिच्यावर रेशनची नोटीस चिकटवलेली. आम्हाला कळलं तेव्हा मुदतीचे चारच दिवस उरले होते. बाकावर नकाशा पसरला. पुरुषांना गट नंबर कळत होते. बायकांना नंबर कळत नव्हते, पण देऊळ आणि वहाळाचं तोंड दाखवल्यावर त्या भराभर वाचायला लागल्या. एका आजीनं वहाळापासून बोट सरकवत नेलं आणि एका कोऱ्या जागेवर थांबवलं. “हयसर आमी सुंगटां सुकवतव,” ती म्हणाली. “ह्यां खंय दिसता हेच्यात?”

कुठंच दिसत नव्हतं. त्या जागेवर आम्ही पेन्सिलीनं चौकोन काढला, सातबारावरून गट नंबर शोधून लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुंगटं, म्हणजे कोलंबी, पसरत असतानाचे फोटो काढले. अर्जाखाली सह्या आणि अंगठे घेतले आणि दुपारच्या एसटीनं दोघंजण जिल्ह्याला गेले. आवक शिक्का मारलेली ती प्रत पंचायतीच्या कपाटात आहे, आणि तिची एक झेरॉक्स त्या आजीनं आपल्या घरच्या देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवली आहे.